‘ही’ चूक कोणती?

प्रिय मित्रा,

परवा तू पाठवलेली बातमी वाचली. ‘रोज रात्री ‘ही’ चूक करताय? वैवाहिक सुख गमवाल!’ आणि खाली तुझा प्रश्न, हे खरं असेल का?

खरं-खोटं नंतर बघू, आधी मथळा बघ. चूक कोणती ते सांगितलेलंच नाही. हाती बातमी असेल तर उपसंपादक ती मथळ्यातच सांगून मोकळा होतो. माझी सगळी नोकरी त्यातच गेली. जिथं सांगण्यासारखं काही नसतं, तिथं ‘ही’, ‘या’ आणि शेवटी ‘जाणून घ्या’. अशा बातमीच्या तळाशी बहुतेक वेळा कॅप्सूलची डबी असते. लैंगिक शक्ती वाढवण्याचा दावा करून औषधाची जाहिरात करायला आपल्याकडे 1954 च्या कायद्यानं बंदी आहे. तरी ती रेल्वे रुळांलगतच्या भिंतींवर होतीच, आता बातमीचं सोंग घेऊन फोनवर येते.

हे ओळखणं सोपं आहे रे. मला धास्ती वाटते ती खऱ्या आकड्यांच्या मथळ्यांची. ऑक्टोबर 1995 मध्ये ब्रिटनच्या औषध सुरक्षा समितीनं इशारा दिला की तिसऱ्या पिढीच्या, म्हणजे तेव्हाच्या नव्या, गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्ताची गुठळी होण्याचा धोका दुप्पट होतो. वर्तमानपत्रांनी ‘दुप्पट’ तेवढं उचललं. पण कशाच्या दुप्पट? आधीच्या गोळ्या घेणाऱ्या 7000 जणींत एकीला गुठळी व्हायची, या गोळ्या घेणाऱ्या 7000 जणींत दोघींना. आकडा बरोबर होता, अर्धाच छापला होता. घाबरून कितीतरी जणींनी गोळ्या मध्येच सोडल्या. पुढच्या वर्षी इंग्लंड-वेल्समध्ये सुमारे 13,000 गर्भपात जास्त झाले, असा अंदाज आहे. आणि गरोदरपणात गुठळीचा धोका त्या गोळीपेक्षाही जास्त असतो! तो मथळा लिहिणाऱ्याला बहुधा आपण लोकांचं भलंच करतोय असं वाटलं असेल.

तेव्हा ‘दुप्पट’, ‘50 टक्क्यांनी वाढ’ असं काही दिसलं की आधी विचार, किती जणांमागे किती? बातमीत ते नसेल तर त्यावरून औषध सुरू करू नकोस, चालू असलेलं बंदही करू नकोस.

आता जरा आगाऊपणा करतो. हे तू स्वतःसाठी विचारलं असशील, तर मला सांगायची गरज नाही. मूत्ररोगतज्ज्ञाकडे जा, नाहीतर सरकारी रुग्णालयाच्या त्वचा व गुप्तरोग विभागात. तिथं या तक्रारी रोजच्याच असतात. प्रश्न घरूनच कागदावर लिहून ने; समोर बसल्यावर लाजेनं निम्मे राहून जातात.

तुझा,
काका