रोलप्लेइंग गेममध्ये पात्राच्या दिसण्याने खरंच काही फरक पडतो का?

रोलप्लेइंग गेम म्हणजे एखादं पात्र बनवून त्याच्या भूमिकेतून खेळायचा खेळ. त्यात तुमचा मित्र दीड तास पात्राचे नाकडोळेच जुळवत बसतो, त्याला काही अर्थ आहे का, असं तुम्ही विचारलंय. आहे. "दिसण्यात काय ठेवलंय, आकडे बघ की" (म्हणजे पात्राची ताकद, चपळाई मोजणारे आकडे) हे वाक्य बेळगावात आम्ही खेळायला बसतो त्या टेबलावर इतक्यांदा ऐकलंय की आज सविस्तरच लिहितो.

आकडेवाल्यांनी आधी 'ड्रॅगन्स डॉग्मा' (२०१२) हा व्हिडिओ गेम बघावा. त्यात अंगाने भारी पात्र जास्त ओझं उचलतं, हलक्याचा दम लवकर भरून येतो आणि बुटकं पात्र बारक्या भगदाडातून आत शिरतं. तिथं दिसणं हाच आकडा. उलट टेबलाभोवती बसून खेळायच्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'मध्ये १९८५ साली करिश्म्याखेरीज (पात्राची छाप मोजणारा आकडा) रूपाला वेगळा गुण देऊन पाहिला, तो पुढे टिकला नाही. माझ्या मते बरंच झालं. रूपाला सोळा गुण आहेत म्हटल्यावर टेबलावरच्या कुणाच्याच डोळ्यांपुढे काही उभं राहत नाही.

कशाने उभं राहतं ते सांगतो. रायबागकडची एक धनगरीण घ्या. लांबून दिसतं ते खांद्यावरचं काळं घोंगडं. जवळ आली की कपाळावर चिंचलीच्या मायाक्का देवीचा भंडारा, नखांच्या कडांतही पिवळा. आणि चालताना करकर वाजणारी चप्पल, आपल्या निपाणी-अथणीकडं करतात तसली. बस्स, तीनच गोष्टी. एक लांबची, एक जवळची, एक हालचालीतली. आता गेम चालवणाऱ्याच्या, म्हणजे टेबलावर गोष्ट पुढे नेणाऱ्याच्या, हातात किती आलं बघा. रात्री किल्ल्यात शिरायचं तर चप्पल काढून कमरेला खोचावी लागणार, आणि मग अनवाणी पायाखाली काचा आल्या तर? घोंगड्याखाली तलवार झाकते, पण पावसात तेच घोंगडं भिजून जड होतं. देवळातला पुजारी भंडारा बघून वाट देतो, तोच भंडारा दुसऱ्या गावात ओळख पटवून देतो. चौथी-पाचवी गोष्ट घातली की समोरचे पहिली विसरतात. डोळ्यांचा रंग तर सांगूच नका, कुणाच्या लक्षात राहत नाही.

कॉम्प्युटरवर वेळ कुठं घालवायचा हे कॅमेरा ठरवतो. 'सायबरपंक २०७७' पात्राच्या डोळ्यांतूनच खेळायचा, चेहरा दिसतो तो आरशात, सामानाच्या पडद्यावर नाहीतर फोटो काढताना. तिथं आवाज आणि हात नीट निवडा. 'एल्डन रिंग'मध्ये पात्राची पाठ बघतच खेळायचं असतं. केस, खांदे, अंगरखा यांवर लक्ष द्या. शिवाय त्यात शिरस्त्राण घातलं की चेहरा गेला, लपवायची सोय नाही. 'बाल्डर्स गेट ३'मध्ये संभाषणाला कॅमेरा तोंडासमोर येतो, शिरस्त्राण लपवताही येतं. तिथं तुमच्या मित्राचा दीड तास सत्कारणी लागतो.

आपल्यासारखा सावळा चेहरा करायला गेलं की तो राख फासल्यासारखा होतो, अशी तक्रार सगळे करतात. कारण साधं आहे. लाल, हिरवा, निळा या रंगाच्या तिन्ही पट्ट्या खाली ओढून एकाच पातळीवर आणल्या जातात आणि उरतो तो करडा रंग. लाल सगळ्यात वर, हिरवा त्याच्या खाली, निळा सगळ्यात कमी ठेवा. त्वचेची चकाकी उतरवा, नाहीतर मशालीच्या उजेडात तेल चोपडल्यासारखं दिसतं. ओठांचा रंग बहुतेक ठिकाणी वेगळा असतो, तो गुलाबीच राहून जातो, तोही गडद करा. भुवया ठार काळ्या नकोत, कोळशाने ओढल्यासारख्या दिसतात. नाक ठरवताना चेहरा एका बाजूला वळवून बघा. समोरून चांगलं दिसणारं नाक बाजूने चपटं निघतं. आणि चेहरा बनवायच्या पडद्यावरच्या उजेडावर विश्वास ठेवू नका, तो मऊ आणि समोरून येणारा असतो. पहिल्या मोकळ्या उन्हापर्यंत खेळा, मग परत येऊन दुरुस्त करा.

पात्र दिसतं कसं यावर माणूस वेगळं वागतो, हे मी मनाचं सांगत नाही. निक यी आणि जेरेमी बेलेन्सन या संशोधकांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात उंच अवतार (कॉम्प्युटरवरचं पात्र) मिळालेली माणसं पैशाच्या वाटणीत जास्त ठामपणे बोलली. अवतारांच्या ताकदीबिकदीच्या आकड्यांत काही फरक नव्हता, फरक होता तो दिसण्यात. आमच्या टेबलावरच्या आकडेवाल्याने यावर उत्तर द्यावं.

एक मात्र त्याचं बरोबर आहे. नुसती मारामारी करून वस्तू गोळा करायच्या गेममध्ये, जिथं पात्र वरून मुंगीएवढं दिसतं, तिथं चेहऱ्यावर पाच मिनिटंसुद्धा घालवू नका.

आणि मित्राला सांगा, वंश आणि बांधा आधी ठरव, केस-दाढी मागाहून. 'बाल्डर्स गेट ३'च्या तळावरचा जादूचा आरसा केस-चेहरा बदलून देतो, पण वंश आणि बांधा नाही. 'स्कायरिम'मध्ये कॉम्प्युटरवर कमांड टाइप करून वंश बदलता येतो, पण त्यात कौशल्यांचे आकडे बिघडू शकतात, म्हणून आधी वेगळा सेव्ह करून ठेवायचा.