दीड किलोच्या गोळ्याचं संशोधन

प्रश्न : स्पुटनिकनंतर अमेरिकेने सोडलेला ‘व्हॅनगार्ड-१’ जेमतेम दीड किलोचा होता म्हणे. एवढ्याशा गोळ्यात उपकरणं मावणार कुठे? मग हा ‘संशोधन उपग्रह’ नावापुरताच ना?
– एक वाचक, मिरज

उत्तर : तुमच्या आधी सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांनी त्याला ‘ग्रेपफ्रूट’ (पपनसाच्या जातीचं फळ) म्हणून हिणवून घेतलं आहे. आकाराच्या बाबतीत ते खोटं बोलले नाहीत. ॲल्युमिनियमचा गोळा, व्यास साडेसोळा सेंटीमीटर. स्पुटनिक ८३.६ किलोचा! शिवाय याच्या आधीच्या भावंडाची फजिती जगजाहीर होती. ६ डिसेंबर १९५७ ला रॉकेट जमिनीवरून हातभर उचललं आणि परत बसून पेटलं. उपग्रह बाजूला फेकला गेला आणि तिथे पडल्या पडल्या संदेश देत राहिला.

१७ मार्च १९५८ ला मात्र जमलं. आत दोन ट्रान्समीटर होते. पाऱ्याच्या बॅटरीवरचा जूनमध्येच संपला. दुसरा सोलर सेलवर चालायचा, तो १९६४ पर्यंत बोलत होता. शक्ती किती, तर पाच मिलिवॅट! अवकाशात सोलर सेल वापरणारा हा पहिला उपग्रह. आज छपरावर पॅनेल बसवणाऱ्यांनी त्याला एक नमस्कार करायला हरकत नाही.

आता तुमचा मुद्दा. उपकरणं जवळजवळ नव्हतीच, मान्य. पण मी आयुष्यभर पदार्थविज्ञान शिकवलं, म्हणून ठासून सांगतो : इथे उपकरण म्हणजे तो गोळाच. गोल वस्तू कशीही गरगरली तरी समोरून येणाऱ्या विरळ हवेला तेवढीच आडवी येते. त्यामुळे कक्षा किती ढळली हे मोजलं की साडेसहाशे किलोमीटरवरच्या हवेची घनता काढता येते. ती हवा सूर्याच्या लहरीप्रमाणे फुगते-आकसते, हेही अशाच मोजमापांतून कळलं. मोजणाऱ्यांत बेकर-नन या उपग्रह टिपणाऱ्या कॅमेऱ्यांची केंद्रं होती. त्यांतलं एक आपल्या नैनीतालला होतं.

सगळ्यात गोड भाग पुढेच आहे. पृथ्वीच्या सर्वांत जवळ येणारा कक्षेतला बिंदू ठरावीक तालात वर-खाली होत होता. अमेरिकी शास्त्रज्ञ जॉन ओकीफ आणि सहकाऱ्यांनी १९५९ मध्ये त्याचं कारण मांडलं : पृथ्वी ध्रुवांशी दोन्हीकडे सारखी चपटी नाही, किंचित पेर (नासपती) या फळाच्या आकाराची आहे. फरक काही मीटरांचाच, डोळ्यांना कधीच दिसणार नाही असा.

उलट सूर्यप्रकाशाच्या दाबाने गणितज्ञांना चकवलं. आधी वाटलं होतं, हा गोळा दोन हजार वर्षं फिरेल. हा दाब आणि हवेचा अडथळा हिशेबात धरल्यावर अंदाज सुमारे २४० वर्षांवर आला.

तो अजून फिरतोच आहे, मानवाने सोडलेल्या आणि आजही कक्षेत असलेल्या वस्तूंत सर्वांत जुना. गच्चीवरून दिसेल का, हा तुमचा पुढचा प्रश्न असणार. नुसत्या डोळ्यांनी नाही. त्याला मोठी दुर्बीण लागेल.