‘टोटेम’ला ‘देवक’ म्हणावे का?

भाषांतर करणाऱ्यांकडून प्रश्न असा आला आहे: इंग्रजीतल्या ‘टोटेम’साठी, म्हणजे कुळाची खूण मानलेल्या प्राण्यासाठी किंवा झाडासाठी, ‘देवक’ चालेल की ‘कुलचिन्ह’ बरे?

बहुतेक ठिकाणी ‘देवक’च. ‘टोटेम’ उत्तर अमेरिकेतल्या ओजिब्वे लोकांच्या भाषेतून आला. तिथे तो शब्द नात्याचा आहे: एका चिन्हाचे ते एका कुळाचे, म्हणून त्यांच्यात लग्न नाही. आपल्याकडे सोयरीक जुळवताना ‘देवक काय?’ विचारतात ते याचसाठी. उत्तर येते: कळंब, मोरपीस, वासनवेल, शंख, पंचपालवी. देवक सारखे निघाले की बोलणी तिथेच थांबतात. मग आडनावे वेगळी का असेनात. ज्या झाडाचे देवक, ते तोडायचे नाही, जाळायचे नाही, असाही दंडक असतो.

पंचपालवी म्हणजे पाच झाडांच्या डहाळ्या. त्यांत आंबा, वड, पिंपळ, उंबर बहुधा ठरलेले. पाचवे कुठे पायरी (आंबा नव्हे, वडा-पिंपळाच्या जातीचे झाड), कुठे जांभूळ. तेव्हा घरच्या जाणत्यांना विचारूनच डहाळ्या आणाव्यात.

घोळ होतो तो दुसऱ्या अर्थामुळे. लग्नामुंजीत ‘देवक बसवतात’ आणि कार्य झाल्यावर ‘उठवतात’. इथे देवक म्हणजे कार्यापुरती स्थापलेली देवता. काही घरांत कुळाचीच डहाळी आणून मुहूर्तमेढीला बांधतात, तिथे दोन्ही अर्थ एकाच फांदीवर येतात. ब्राह्मण घरांत मात्र सुपात मातृका (मातृदेवता) आणि अविघ्नकलश (कार्य निर्विघ्न व्हावे म्हणून मांडलेला कलश) मांडतात, त्यात कुळाचे झाड शोधू नये. ‘देवक बसलंय, आता सुतक नाही’ हे वाक्य या दुसऱ्या अर्थाचे. त्याचे भाषांतर ‘टोटेम’ केले तर अनर्थच!

कुलदैवत आणि देवक एक नव्हे. खंडोबा कुलदैवत असलेल्या दोन घरांत लग्न खुशाल होते.

कळंब म्हणजे संस्कृत ‘कदंब’. कर्नाटकातल्या बनवासीच्या कदंब राजघराण्याचे नाव याच झाडावरून आले, आणि गोव्याची सरकारी बस अजून तेच नाव मिरवते. पण म्हणून प्रत्येक कदमांचे देवक कळंबच, असे धरून चालू नये. आडनावावरून देवक ओळखायला गेलात की फसलात.

‘टोटेम पोल’ला मात्र ‘देवकस्तंभ’ म्हणू नका. कॅनडा-अलास्काच्या पश्चिम किनाऱ्यावरचे ते कोरीव खांब घराण्याची चिन्हे आणि कथा सांगतात, त्यांची पूजा होत नाही. तिथे ‘कुलचिन्हस्तंभ’ बरा. जरा बोजड आहे, पण ‘देव’ वाचून कुणी नारळ फोडायला जाणार नाही.