माग वेगात चालले, माल अडला कुठे?

प्रश्न : अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. मुलगी सोलापुरातच कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आता एआयच कोड लिहितो, टीमचं काम दुप्पट वेगानं होतं म्हणे. मग तिला घेणार कोण? लाईन बदलावी का? – एक पालक

उत्तर : लाईन बदलू नका, अभ्यासाची पद्धत मात्र बदलायला हवी.

तुम्ही माग दुप्पट वेगानं चालवले, पण शिलाई, चेकिंग आणि पॅकिंगला माणसं तेवढीच ठेवली, तर मालाचा ढीग शिलाईपाशी साचेल. ट्रक काही लवकर भरणार नाही. सॉफ्टवेअर टीममध्ये सध्या हेच होतंय. कोड झटपट तयार होतो, पण तो वाचून तपासणारे सीनियर मोजकेच असतात.

वेगाचे आकडे कामागणिक बदलतात. कोपायलट या कोड सुचवणाऱ्या एआय टूलच्या एका प्रयोगात जावास्क्रिप्ट भाषेत वेब सर्व्हर नव्यानं लिहिण्याचं काम सुमारे 56 टक्के लवकर झालं. उलट मेटर या संस्थेनं 2025 मध्ये 16 अनुभवी डेव्हलपरांना त्यांच्याच जुन्या, मोठ्या प्रोजेक्टवरची 246 कामं दिली, तेव्हा एआय वापरताना वेळ 19 टक्के जास्त लागला. आणि त्यांना स्वतःला वाटत होतं, आपण 20 टक्के लवकर उरकलं! म्हणून घड्याळ लावून मोजायची सवय तिला आत्तापासून लागू द्या.

सराव घरचाच घ्या : गोदामातल्या टॉवेलच्या साठ्याचा प्रोग्राम. आधी तिनं अपेक्षित उत्तरं कागदावर लिहावीत. 30 नग म्हणजे अडीच डझन, परत आलेला माल, शून्याची ऑर्डर. मग एआयकडून कोड घ्यावा आणि लिहिणं, समजून घेणं, दुरुस्त करणं यांचा वेळ वेगवेगळा नोंदवावा. एक चाचणी चुकवू नये : शिल्लक 5 डझन असताना 5-5 डझनाच्या दोन ऑर्डरी एकाच क्षणी. एआयचा कोड पुष्कळदा आधी शिल्लक वाचतो आणि नंतर वेगळ्या पायरीत वजा करतो. दोन्ही ऑर्डरींना 5 डझनच दिसतात, दोन्ही मंजूर होतात, आणि माल एकालाच पुरतो. ‘शिल्लक पुरेशी असेल तरच वजा कर’ हे डेटाबेसला एकाच आदेशात सांगितलं की चूक टळते. ही चूक जिला दिसते, तिला टीममध्ये जागा आहे.

आणखी दोन खबरदाऱ्या. एआय कधीकधी अस्तित्वातच नसलेल्या लायब्ररीचं (म्हणजे इतरांनी लिहिलेल्या तयार कोडच्या संचाचं) नाव सुचवतो, आणि त्याच नावाचं घातक पॅकेज कुणीतरी मुद्दाम टाकून ठेवलेलं असू शकतं. खात्री केल्याशिवाय इन्स्टॉल करू नये. पासवर्ड, ग्राहकांच्या याद्या टूलमध्ये पेस्ट करू नयेत.

गिटवर, म्हणजे कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या टूलवर, बदल लहान ठेवावेत. तीनशे ओळींचा बदल माणूस नीट वाचतो; तीन हजारांचा नुसता चाळतो आणि मंजूर करतो. डेटाबेस, ऑपरेटिंग सिस्टिम, नेटवर्क हे विषय परीक्षेपुरते न ठेवता पक्के करावेत. पुण्यातल्या मुलाखतीला जाताना तो साठ्याचा प्रोग्राम, त्याच्या चाचण्या आणि वेळेची वही सोबत न्यावी. त्यातली कुठलीही ओळ दाखवून ‘हे असं का?’ विचारलं, तर उत्तर तिला स्वतःला देता आलं पाहिजे.