भेट मिळालेली जुनी, झिजलेली गिटार वाजवावी की नवीन घ्यावी?

आपला प्रश्न असा आहे की, मावसभावाने अनेक वर्षे वाजवलेली अकूस्टिक गिटार आपल्याला भेट दिली. तिची वरची फळी खरवडलेली आहे, फ्रेटवर (दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) खाचा पडल्या आहेत, तारा गंजल्या आहेत आणि जवळपास दाखवायला जाणकार कोणी नाही, तेव्हा ती दुरुस्त करावी की सरळ नवीन घ्यावी. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातील एका खेड्यात राहतो. आठ वर्षांपूर्वी माझ्या आतेभावाने जवळजवळ अशाच अवस्थेतील गिटार सोलापुरी चादरीत गुंडाळून एसटीने आणून दिली होती आणि ती पाहताच आई म्हणाली होती, "हे तं कोणं सोलूनच काढली." तीच गिटार मी आजही वाजवतो. त्यामुळे माझे मत असे की आधी तारांचा एक संच विकत घ्यावा आणि नवीन गिटारीचा विचार त्यानंतर करावा.

झीज पाहून घाबरण्याऐवजी ती कुठे आहे हे पाहावे. माझ्या गिटारीच्या पहिल्या तीन फ्रेटवर बारीक तारांखाली नखाने जाणवतील अशा खाचा होत्या आणि भोकाच्या खालच्या बाजूला पिक (तारा छेडायची छोटी चकती) घासून घासून पॉलिश उडालेले होते, म्हणजे आतेभाऊ सोप्या कॉर्डवर (एकत्र वाजवायच्या स्वरांच्या जुळणीवर) गाण्यांना साथ करत असे. अशी झीज वाजवल्याने येते आणि तिच्यामुळे सहसा काही बिघडत नाही. एखाद्या फ्रेटवर तार झणझणू लागली, तरच ती दुरुस्तीचे कारण ठरते. उडालेल्या पॉलिशवर नवे पॉलिश मात्र मारू नये. जाड थराने फळीचे कंपन दबते.

खरी तपासणी ब्रिजपासून, म्हणजे फळीवर चिकटवलेल्या, तारा अडकवायच्या पट्टीपासून सुरू करावी. ब्रिजच्या मागच्या कडेखाली वहीचा कागद सरकवून पाहावा. तो आत शिरत असेल, तर ब्रिज सुटू लागला आहे आणि तो चिकटवल्याशिवाय तारा ताणू नयेत. स्टीलच्या तारांचा एक साधा संच पूर्ण सुरात असताना फळीवर आणि नेकवर (दांडीवर) मिळून सुमारे 70 किलोचा ताण देतो, हे लक्षात घेतले म्हणजे या सावधगिरीचे कारण कळेल. नायलॉनच्या तारांचा ताण त्याच्या जवळपास निम्मा असतो. म्हणून ज्या गिटारीच्या तारा ब्रिजला गाठ मारून बांधायच्या असतात, तिला चुकूनही स्टीलच्या तारा लावू नयेत. त्यानंतर सर्वांत जाड तार पहिल्या आणि चौदाव्या फ्रेटवर एकाच वेळी दाबून सातव्या फ्रेटपाशी पाहावे. तिथे तार आणि फ्रेट यांत जाड कागदाएवढी फट असावी. फट मोठी असेल, तर नेक वाकली आहे. ती आतल्या लोखंडी सळईने सरळ होते, पण ती सळई पहिल्याच दिवशी फिरवू नये आणि पुढे कधी फिरवलीच, तर एका वेळी पाव फेऱ्याहून अधिक नाही.

गिटार हलवल्यावर आत काही वाजत असेल, तर फळीखालची पट्टी सुटल्याची शंका घ्यावी. माझीही वाजत होती. भोक खाली करून ती हलवली, तेव्हा एक पिक आणि चार सरक्या बाहेर पडल्या. आतेभावाच्या घरी कापूस भरलेल्या खोलीतच ती दोन हंगाम उभी होती.

तारा बदलताना फ्रेटबोर्ड (फ्रेट बसवलेली नेकची वरची बाजू) उघडा पडतो, तेव्हा तो किंचित ओलसर फडक्याने पुसून लगेच कोरडा करावा. घरचे जवसाचे किंवा करडईचे तेल चोळण्याचा मोह आपल्याकडे होतो, परंतु ही तेले हवेत वाळून चिकट थर धरतात. खुंट्या जड फिरत असतील, तर त्यांच्या दात्यांवर शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब पुरतो. सूर लावण्यासाठी मोबाईलवरचे ट्यूनर चालते, पण गावात भजनी मंडळाची पेटी असेल, तर तिचाही उपयोग होतो: गिटारीच्या सहाही तारांचे स्वर पांढऱ्या पट्ट्यांवरच मिळतात (दोन काळ्या पट्ट्यांच्या जोडीच्या लगेच डावीकडची ती पांढरी एक). जाड तारेपासून मोजल्यास ते पांढरी तीन, सहा, दोन, पाच, सात आणि पुन्हा तीन असे येतात. फक्त सप्तक चुकवू नये, नाहीतर तार तुटून हाताला लागते.

आपल्या भागात गिटारीला वाजवण्यापेक्षा हवामानाचा त्रास अधिक होतो, आणि यात मी स्वतः चूक केली आहे. पहिल्या उन्हाळ्यात मी ती कूलरच्या समोरच्या भिंतीवर टांगली. दुपारभर ओली हवा आणि रात्री वीज गेली की टिनाखालची कोरडी धग, असे महिनाभर चालल्यावर ब्रिजमागची फळी फुगली आणि बाराव्या फ्रेटवर तारांची उंची, जी साधारण अडीच मिलिमीटर असावी, ती जवळजवळ दुप्पट झाली. कूलर नसलेल्या घरात उलटे होते: मे महिन्यात लाकूड आकसते आणि फ्रेटची टोके नेकच्या कडेने बाहेर येऊन बोटाला टोचू लागतात. गिटारीला साधारण 45 ते 55 टक्के आर्द्रता मानवते आणि आपल्याकडील उन्हाळ्याची दुपार त्याच्या बरीच खाली असते. यावर माझा उपाय असा आहे की भोके पाडलेल्या साबणदाणीत ओला करून घट्ट पिळलेला स्पंज घालायचा आणि ती कव्हरमध्ये, लाकडाला न टेकेल अशी, गिटारीशेजारी ठेवायची. कव्हर आतल्या खोलीत, भिंतीपासून दूर असावे. मृग लागला की साबणदाणी काढून टाकतो.

तारांचा संच घेण्यापूर्वी मावसभावाला फोन करून तो कोणत्या जाडीच्या तारा लावत असे आणि काही दुरुस्ती केली होती का, एवढे अवश्य विचारावे. मी हा फोन उशिरा, म्हणजे बाराचा संच (सर्वांत बारीक तार 0.012 इंचाची, म्हणजे अकराच्या संचाहून जाड आणि अधिक ताणाचा) लावून झाल्यावर केला, तेव्हा आतेभाऊ म्हणाला, "अकराच्याच लावत जाय. ब्रिज एक खेप सुटला होता, म्याच चिकटवला हाय." त्याच संध्याकाळी मी त्या तारा सैल केल्या.