सिग्नलची टेस्ट लिनक्सवर पास, मॅकवर कधी पास कधी फेल, विंडोजवर नेहमीच फेल. काय करू?

भाऊ, तुमचं पूर्ण वाचलं. म्हणजे जिनिंगच्या काट्यावरून सिरीयल पोर्टवर वजन घेऊन फाइलीत लिहिणारा पायथनचा प्रोग्राम आहे, लाइन गेली की थोड्या वेळानं यूपीएस मशीन बंद करायला सांगते, तेव्हा प्रोग्रामला सिगटर्म, म्हणजे बंद हो असं सांगणारा सिग्नल, येतो आणि हातातली नोंद पूर्ण लिहून मगच त्यानं बंद व्हावं असं तुम्हाला पाहिजे. त्याची टेस्ट तुमच्या लॅपटॉपवर पास होऊन राहिली, मित्राच्या मॅकवर कधी होते कधी नाही, ऑफिसच्या विंडोजवर कधीच नाही. स्लीप अर्ध्या सेकंदाचा दोन सेकंद केला तरी तेच, आणि आता कोणीतरी सांगितलं की फेल झाली तर तीनदा परत चालवा म्हणजे हिरवं दिसते.

ते परत चालवणं सगळ्यात आधी काढून टाका. मी हिंगणघाटच्या बाजूच्या गावातून घरूनच हेच काम करतो, हंगामात काट्यावर रात्रीपर्यंत कापसाच्या गाड्यांची लाइन कशी लागते ते रोज पाहतो, आणि विजेचा भरवसा काय आहे हे तुम्हाला सांगायची गरज नाही. तुमचा प्रोग्राम दर दोन-चार दिवसांनी याच वाटेनं बंद होणार आहे. टेस्ट कधीकधी फेल होते म्हणजे कधीकधी कोणाच्या तरी गाडीची नोंद अर्धी राहणार, आणि ते वजन मग त्या माणसानं कोणाला मागायचं? टेस्ट खरं सांगून राहिली, तिला गप्प करू नका.

मॅकवरची गोष्ट पाहू. तुम्ही टाकलेल्या आउटपुटमध्ये रिटर्नकोड उणे १५ आहे. सबप्रोसेसमध्ये उणे आकडा आला म्हणजे प्रोसेस त्या नंबरच्या सिग्नलनं मेली, आणि १५ म्हणजे सिगटर्म. तुमचा हँडलर, म्हणजे सिग्नल आला की चालणारं फंक्शन, चालला असता तर तुम्ही शून्यानं बाहेर पडता, म्हणजे हँडलर चाललाच नाही, बसायच्या आधीच सिग्नल येऊन धडकला. टेस्ट काय करते, प्रोग्राम सुरू करते, स्लीप घेते, सिग्नल पाठवते, आणि मधल्या वेळात तिकडे इंटरप्रिटर उठायचा, सिरीयलची लायब्ररी इम्पोर्ट व्हायची, कॉन्फिग वाचायचं आणि तेव्हा कुठं हँडलर लावायची ओळ येते. मशीन रिकामं असलं तर अर्ध्या सेकंदात होते, मित्रानं ब्राउझरमध्ये वीस टॅब उघडले असले तर नाही होत. म्हणून स्लीप कितीही वाढवला तरी कोणत्यातरी दिवशी तो कमीच पडणार, यात मॅकचा दोष नाही.

वेळेची वाट पाहायची नाही, घटनेची पाहायची. प्रोग्राममध्ये हँडलर लावल्याच्या लगेच खालच्या ओळीत "तयार" असं प्रिंट करा आणि टेस्टमध्ये ती ओळ वाचल्यावरच सिग्नल पाठवा. प्रिंटला फ्लश लावायला विसरू नका, काऊन की आउटपुट टर्मिनलवर न जाता पाइपमध्ये जात असलं की ते बफरमध्ये साचून राहते आणि तुमची टेस्ट त्या ओळीची वाट पाहत बसूनच राहील. तसंच सिग्नल पाठवल्यावर स्लीप घेऊन फाइल तपासू नका, प्रोसेसवर वेट करा आणि टाइमआउट खुशाल ३० सेकंद द्या. टाइमआउट मोठा असला तरी टेस्ट हळू होत नाही, प्रोग्राम लवकर संपला की वेट लगेच परत येते.

तुमची दुसरी टेस्ट, सारांश लिहायला लावणारी, ती मॅकवर नेहमीच फेल होते त्याचं कारण वेगळं आहे. तिथं तुम्ही सिग्नलचा नंबर सरळ १० लिहिला. साध्या इंटेल-एएमडीच्या लिनक्सवर १० म्हणजे सिगयूझर१, आपल्याला हव्या त्या कामाला वापरायचा मोकळा सिग्नल, पण मॅकवर सिगयूझर१ चा नंबर ३० आहे आणि १० म्हणजे सिगबस. म्हणजे तुम्ही आपल्याच प्रोग्रामला बस एररचा सिग्नल मारून राहिले, आणि मित्र बिचारा मेमरीत काय खराब झालं ते शोधून राहिला. सिग्नल मॉड्यूलमधलं नाव वापरा, आकडा कधीच नाही.

आता जे तुम्ही विचारलं नाही पण कोडात दिसलं ते. हँडलरमध्येच तुम्ही फाइलीत लिहून राहिले. हे चालते चालते आणि एक दिवस रनटाइमएरर येते, रीएंट्रंट कॉल म्हणून. होते असं की मुख्य लूप त्याच फाइलीच्या बफरमध्ये लिहीत असताना मधेच हँडलर घुसतो आणि त्याच बफरला हात लावतो. सी मध्ये लिहिलं असतं तर याहून वाईट, तिथं हँडलरमधून प्रिंटएफ आणि मॅलॉकसुद्धा सुरक्षित नाहीत, राइटसारखी मोजकी फंक्शनंच चालतात. तर हँडलरनं फक्त एक फ्लॅग खरा करावा आणि परत जावं, बाकी सगळं मुख्य लूपनं.

पण नुसता फ्लॅग लावला की दुसरी अडचण येते आणि इथं लय जण अडकतात, म्हणून जरा थांबून सांगतो. पायथनमध्ये खऱ्या सिग्नलच्या वेळी खालच्या सी थरात फक्त खूण होते, तुमचं पायथन फंक्शन नंतर मुख्य थ्रेडवर, सवड मिळाली की चालते. आणि पायथन ३.५ पासून, म्हणजे २०१५ पासून, सिग्नलमुळे तुटलेला रीड किंवा स्लीप पायथन आपणहून परत सुरू करते, जोपर्यंत हँडलर एक्सेप्शन टाकत नाही तोपर्यंत. म्हणून तुमचा प्रोग्राम सिरीयलवर टाइमआउट न लावता वाचत बसला असेल, काट्यावर गाडी नाही, काहीच आकडा येऊन नाही राहिला, अशा वेळी सिग्नल आला तर हँडलर चालतो, फ्लॅग खरा होतो, रीड परत सुरू होते, आणि लूप तो फ्लॅग पाहायला पोचतच नाही. सिस्टमडी, म्हणजे लिनक्सवर प्रोग्राम चालू-बंद करणारी व्यवस्था, डिफॉल्टनं ९० सेकंद वाट पाहते आणि मग जागेवर ठार करणारा सिगकिल मारते, तो कोणालाच पकडता येत नाही. सिरीयलच्या रीडला एक सेकंदाचा टाइमआउट लावा आणि दर फेरीत फ्लॅग पाहा, तुमच्या कामाला तेवढं पुरते. ज्यांना एक सेकंदही थांबायचं नाही त्यांच्यासाठी सेट-वेकअप-एफडी आहे, सिग्नल आला की पाइपमध्ये एक बाइट पडते आणि सिलेक्ट जागा होतो, पण तुम्ही त्यात पडू नका.

कंट्रोल-सी हातानं दाबलं तर चालते आणि स्क्रिप्टमधून सिगइंट, म्हणजे कंट्रोल-सीचाच सिग्नल, पाठवला तर चालत नाही असंही लिहिलं तुम्ही. स्क्रिप्टमध्ये प्रोग्राम अँडचं चिन्ह (&) लावून मागं सोडला आहे ना, अशा वेळी शेल त्याला सिगइंट दुर्लक्षित करूनच देते आणि पायथन सुरू होताना ते तसंच ठेवते, कीबोर्डइंटरप्ट येतच नाही. सिगइंटला स्वतः हँडलर लावा, मिटलं.

विंडोजवर मात्र आपला हट्ट सोडावा लागते. तिथं सिगटर्म पाठवणं असा प्रकारच नाही, पायथनचं टर्मिनेट तिथं प्रोसेसला जागेवर ठार करते, ना हँडलर चालत ना फायनली, आणि किल आणि टर्मिनेट तिथं एकच आहेत. जवळचं काही असेल तर ते कंट्रोल-ब्रेक. प्रोग्राम नव्या प्रोसेस ग्रुपमध्ये सुरू करायचा, त्याला कंट्रोल-ब्रेक इव्हेंट पाठवायचा आणि आत सिगब्रेकचा हँडलर लावायचा. कंट्रोल-सी पाठवू नका, नव्या ग्रुपमध्ये ते बंद असते. आणि उद्या हाच प्रोग्राम विंडोजची सर्व्हिस म्हणून बसवला तर थांबायचा निरोप सिग्नल म्हणून येणारच नाही, सर्व्हिसच्या वेगळ्या वाटेनं येईल.

म्हणून मी असं करतो. नोंद पूर्ण करून फाइल बंद करणारं काम एका फंक्शनमध्ये ठेवतो, त्याला सिग्नल माहीतच नसतो, त्याची टेस्ट तिन्ही मशीनवर सारखी चालते. मग प्रत्येक मशीनसाठी एकच छोटी टेस्ट, की तिथला निरोप फ्लॅगपर्यंत पोचतो का. सिगटर्मची टेस्ट विंडोजवर स्किप करा, कारण लिहून करा, त्यात लाज नाही, पण मग तिथं कंट्रोल-ब्रेकची टेस्ट असलीच पाहिजे. आणि यूपीएसची बॅटरीच गेली तर कोणताही सिग्नल येणार नाही, म्हणून दर गाडीनंतर फ्लश आणि एफसिंक करा, म्हणजे नोंद बफरमध्ये न राहता डिस्कवर जाते. काट्यावर मिनिटाला गाडी आली तरी तेवढ्यानं काही हळू होत नाही.

दुरुस्त झालं का हे पाहायला हँडलर लावायच्या ओळीच्या वर मुद्दाम पाच सेकंदांचा स्लीप टाका आणि टेस्ट चालवा. तरीही पास झाली तर हँडलर बसायच्या आधी सिग्नल पाठवायची ती घाई गेली असं समजा, मग तो स्लीप काढा. विंडोजवर अडलंच तर इथं खाली एक्झिट कोड टाका: १५ असला तर कुठंतरी अजून ओएस-किलला सिगटर्म दिलेला आहे, १ असला तर बहुतेक टर्मिनेट राहून गेलं आहे.