ओपिऑइड लिहून देणाऱ्या डॉक्टरांना भारतात वेगळं प्रशिक्षण लागतं का?

प्रश्न असा आहे: अमेरिकेत ओपिऑइड औषधं (मॉर्फिनसारखी, अफूच्या जातीची तीव्र वेदनाशामकं) लिहून देणाऱ्या डॉक्टरांना ८ तासांचं प्रशिक्षण सक्तीचं केलंय. भारतात असं काही आहे का, आणि त्याने गैरवापर थांबतो का?

मी जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका हॉस्पिटलात फार्मसिस्ट आहे. मॉर्फिनच्या कपाटाची किल्ली आणि रजिस्टर माझ्याकडे असतं, त्यामुळे या विषयावर मला गप्प बसवत नाही.

सरसकट सक्ती आपल्याकडे नाही. १९८५च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात २०१४ साली दुरुस्ती झाली आणि मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन, हायड्रोकोडोन या सहा औषधांसाठी परवान्यांचं जंजाळ कमी झालं. आता ती ठेवायला हॉस्पिटलला राज्याच्या औषध नियंत्रकांची मान्यता लागते, आणि त्यासाठी वेदनाशमनाचं प्रशिक्षण घेतलेला एक तरी डॉक्टर तिथे असावा लागतो. कागदावर ठीक आहे. प्रत्यक्षात प्रशिक्षण घेतलेल्या मॅडम ओपीडीत असतात आणि वॉर्डातून चिठ्ठी येते ती दुसऱ्याच कुणाच्या अक्षरातली. ट्रॅमाडॉल २०१८पासून एनडीपीएसखाली आलं, मेडिकलवाल्याला त्याची एच-वनच्या (जपून विकायच्या औषधांच्या यादीच्या) रजिस्टरात नोंद ठेवावी लागते. पण लिहिणाऱ्याने त्याविषयी काही शिकलेलं असावं, अशी अट कुठेच नाही.

शिकवलं नाही की काय होतं, ते मी खिडकीत बसून पाहिलंय. सत्तरीच्या पुढचे एक आजोबा, तोंडाचा कॅन्सर, नाकातून नळी. तोवर फक्त पॅरासिटामॉल आणि अधूनमधून डायक्लोफिनॅक चालू होतं. मुलगा चिठ्ठी घेऊन आला: फेंटानिलचा पॅच (कातडीवर चिकटवायची औषधाची पट्टी), तासाला ५० मायक्रोग्रॅमचा, आणि खाली रात्री झोपेसाठी अल्प्राझोलाम. लिहिणाऱ्या सर्जन सरांचा हिशोब सरळ होता. गिळता येत नाही, म्हणून पॅच. ऐकायला बरोबर वाटतं.

पण २५चा पॅच म्हणजेच दिवसाला साधारण ६० मिलिग्रॅम मॉर्फिन पोटातून दिल्यासारखं. ५० म्हणजे त्याच्या दुप्पट, आणि तेही ज्याने आयुष्यात ओपिऑइड घेतलेलं नाही अशा अशक्त माणसाला. अशांना पॅचने सुरुवात करायचीच नसते. त्याचा असर चढायला बारा-चोवीस तास जातात. तोवर दुखणं तसंच राहतं आणि घरचे घाबरून आणखी काहीतरी देतात. मग गुंगी वाढत जाते, श्वास मंदावतो, आणि तेव्हा पॅच काढून टाकला तरी कातडीत मुरलेलं औषध तासन्‌तास रक्तात येत राहतं. ताप असला, उन्हात बसवलं किंवा शेकलं, तर ते आणखी वेगाने आत जातं. त्यात वर अल्प्राझोलाम. झोपेच्या गोळ्या आणि ओपिऑइड एकत्र देणं किती धोक्याचं, हे पहिल्याच तासाला शिकवायला हवं.

मी पॅच दिला नाही. सरांना फोन लावला. त्यांनी वॉर्डात, सिस्टर आणि नातेवाइकांसमोर फोन स्पीकरवर टाकला आणि म्हणाले, "गोळ्या मोजणं तुमचं काम, लिहिणं आमचं." मुलगा खिडकीबाहेर उभा होता. तो मला विचारत होता, "ताई, औषध नाही का मिळणार?"

पेन क्लिनिकच्या मॅडमना मी स्वतः बोलावून आणलं. त्यांनी आजोबांना पाहिलं आणि साधी मॉर्फिनची गोळी सुरू केली, ५ मिलिग्रॅम, दर चार तासांनी. गोळी कुटून, पाण्यात विरघळवून नळीतून. साधी गोळी अशी देता येते. हळूहळू सुटणारी गोळी मात्र कधीच कुटायची नाही, कारण बारा तासांचं औषध एकदम अंगात जातं. सोबत पहिल्या दिवसापासून पोट साफ होण्याचं औषध, कारण मॉर्फिनने बद्धकोष्ठ होतोच आणि तो आपोआप सुटत नाही. पहिले काही दिवस मळमळीची गोळी. मधेच कळ आली तर द्यायचा जादा डोस वेगळा लिहिला. मुलाला सांगितलं, हाक मारल्यावर उठत नसतील तर पुढचा डोस देऊ नका, आधी फोन करा. आजोबा तिसऱ्या दिवशी भिंतीला टेकून बसले आणि सुनेशी भांडले. मुलगा मला येऊन हे सांगत होता तेव्हा त्याचा चेहरा खुलला होता.

आता गैरवापराचं. तुम्ही अमेरिकेचं नाव घेतलंत म्हणून सांगते: तिथे डॉक्टरांना शिकवलं नव्हतं असं नाही. पर्ड्यू कंपनीचं ऑक्सिकॉन्टिन (ऑक्सिकोडोनची हळूहळू सुटणारी गोळी) १९९६ साली आलं आणि सवय लागण्याचा धोका कमी आहे, हे डॉक्टरांच्या गळी उतरवलं ते खुद्द कंपनीने. पर्ड्यूने पुढे २००७ आणि २०२० साली न्यायालयात गुन्हा कबूल केला. मग २०१६ची सीडीसीची (तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेची) मार्गदर्शक तत्त्वं आली, काही डॉक्टरांनी ती नियमासारखी वापरून वर्षानुवर्षं औषधावर असलेल्या रुग्णांचे डोस एकदम तोडले, आणि २०२२ साली ती सुधारावी लागली. २०२३च्या जूनपासून ते ८ तास. म्हणजे तास किती, यापेक्षा शिकवतंय कोण आणि शिकवतंय काय, हे बघा.

आपल्याकडे उलटी गत आहे. मॉर्फिन म्हटलं की डॉक्टर हात झटकतात आणि पेंटाझोसिन या दुसऱ्या ओपिऑइडची इंजेक्शनं मात्र बिनदिक्कत टोचत राहतात. वर्षभर ती घेतलेल्याचा दंड पाहा. कातडी लाकडासारखी टणक होते, जखमा भरत नाहीत. माझं स्पष्ट मत आहे की व्यसन जास्त लागतं ते या असल्या अर्धवट उपचारातून. न शिकलेला डॉक्टर एकतर देतच नाही, नाहीतर भलतंच देतो.

शिकायची सोय नाही, ही सबब मी ऐकून घेत नाही. इंडियन असोसिएशन ऑफ पॅलिएटिव्ह केअरचा (गंभीर आजारात वेदना-त्रास कमी करण्याच्या उपचारांचा) सर्टिफिकेट कोर्स आहे, पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र आहे, तिरुवनंतपुरमला पॅलियम इंडिया आहे, टाटा मेमोरियलमध्ये तर एमडी करता येतं. त्यात हे सगळं शिकवतात: आधी दारूचं किंवा इतर व्यसन होतं का ते विचारायचं, एकाच डॉक्टरने लिहायचं, थोड्या दिवसांचंच द्यायचं, घरी कुलपात ठेवायला सांगायचं, उरलेल्या गोळ्या परत मागायच्या. आमच्याकडे परत आलेली प्रत्येक गोळी रजिस्टरात चढते.

हे वाचून कुणी घरच्या माणसाचा डोस ठरवू नये. किडनी कमजोर असेल तर मॉर्फिन अंगात साठतं आणि सगळा हिशोब बदलतो. कॅन्सरच्या रुग्णाला सवय लागतच नाही, असंही मी म्हणत नाही; कमी जणांना लागते, म्हणून तर विचारायचं. चालू औषध स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका. आणि त्या सर्जन सरांचा हात चांगला आहे, माझ्या घरच्यांचं ऑपरेशन असतं तर मी त्यांच्याकडेच गेले असते.

पण "मोजणं तुमचं काम" हे मी आजही मान्य करत नाही. फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्स, २०१५ काढून वाचा. चिठ्ठी तपासणं, डोस किंवा दोन औषधांचा मेळ बसत नसेल तर लिहिणाऱ्याशी बोलणं, हे फार्मसिस्टचं कर्तव्य म्हणून त्यात लिहिलंय. म्हणून उद्या भारतात हे प्रशिक्षण सक्तीचं झालंच, तर फार्मसिस्ट आणि सिस्टर यांनाही डॉक्टरांच्याच वर्गात, त्यांच्या शेजारी बसवा. रात्री दोन वाजता आजोबांचा श्वास मोजणारी सिस्टरच असते आणि चुकीची चिठ्ठी शेवटची आमच्याच हातात येते.